गॅलरीतले बालपण : गिरगावच्या वाड्या आणि चाळी

पश्चिमेला चौपाटीचा समुद्र आणि पूर्वेला भुलेश्वर-काळबादेवीच्या बाजारपेठा, यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात वसलेले गिरगाव हे मुंबईतील मराठी मध्यमवर्गाच्या घडणीचे प्रमुख स्थान मानले जाते. पूर्वी गिरगाव रोड आणि आता जगन्नाथ शंकरशेट मार्ग म्हणून ओळखला जाणारा रस्ता धोबीतलावाकडून प्रार्थना समाजाच्या चौकाकडे जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांना फुटणारे अरुंद बोळ आत कुठल्या ना कुठल्या वाडीत शिरतात. वाडी म्हणजे मुळात बाग, आणि भाट म्हणजे माडांची लागवड असलेली जमीन. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, मुगभाट ही नावे या लागवडीची खूण सांगतात, तर खोताची वाडी, झावबाची वाडी, आंग्रेवाडी, उरणकरवाडी ही नावे जमिनींच्या मालकांची आठवण ठेवतात. एकोणिसाव्या शतकात किल्ल्याच्या तटाबाहेर शहर वाढू लागले तसतशी माडांची आणि फळझाडांची ही राने तोडली गेली, त्यांच्या जागी आधी बैठी व दुमजली घरे आणि नंतर चाळी उभ्या राहिल्या. मात्र बागेच्या जुन्या हद्दी मोडल्या नाहीत, आणि म्हणून एकच तोंड असलेला, आत गेल्यावर परतच फिरावे लागेल असा बोळ ही या भागाची रचना कायम राहिली.

या रचनेत वाढलेल्या माणसांनी आपल्या बालपणाविषयी विपुल सांगितले आणि लिहिले आहे. त्या आठवणी वाचताना त्यांतील जिव्हाळा पटकन ध्यानात येतो. परंतु त्या जिव्हाळ्याला आधार देणारे बांधकाम, भाडे, पाणी आणि वेळ यांचे गणित बहुधा नजरेआड राहते. गिरगावच्या बालपणाचा विचार करायचा तर चाळीच्या रचनेपासूनच सुरुवात करणे भाग आहे, कारण या बालपणाची बहुतेक वैशिष्ट्ये तिच्यातून निघालेली आहेत.

चाळ म्हणजे दोन ते चार-पाच मजल्यांची अशी इमारत, की जिच्या प्रत्येक मजल्यावर ओळीने खोल्या असतात आणि त्या सगळ्यांची दारे एकाच लांब सज्ज्यात उघडतात. या सज्ज्याला गिरगावात सर्रास गॅलरी म्हणत. एका कुटुंबाच्या वाट्याला एक किंवा दोन खोल्या येत. पुढची खोली बैठकीची, अभ्यासाची आणि रात्री निजण्याची, तर मागच्या खोलीत स्वयंपाक आणि कोपऱ्यात मोरी, म्हणजे भांडी घासण्याची व आंघोळीची कठडा घातलेली जागा. शौचालये मजल्याच्या टोकाला आणि सर्वांना मिळून. खोल्यांची लांबी-रुंदी बहुधा दहा-बारा फुटांची, आणि त्यात आजी-आजोबा, आई-वडील, चार-पाच मुले, शिवाय शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी कोकणातून आलेला एखादा पुतण्या वा भाचा, एवढी माणसे सामावलेली असत. अशा घरात मुलांनी दिवसभर थांबणे शक्यच नव्हते. त्यांना बाहेर जावे लागे, आणि ‘बाहेर’ म्हणजे प्रथम गॅलरी, मग जिना, मग चौक आणि शेवटी बोळ. घराच्या उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंतच्या या पायऱ्यांवर मूल जसजसे मोठे होई तसतसे पुढे सरकत असे; रांगणारे मूल गॅलरीच्या कठड्यापाशी, पाच-सहा वर्षांचे जिन्यावर, दहा वर्षांचे चौकात, आणि त्यापुढचे वाडीच्या तोंडाशी. मुलाला कधी कुठवर जाऊ द्यायचे याचे नियम कोणी लिहून ठेवले नव्हते, पण ते प्रत्येक बिऱ्हाडाला ठाऊक होते.

हे नियम पाळले जाण्यासाठी शेजार टिकाऊ असावा लागतो, आणि तो टिकाऊ राहिला याचे एक मोठे कारण कायद्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने निवासी जागांची भाडी बव्हंशी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली आणि भाडेकरूला जागेवरून सहजासहजी काढता येणार नाही अशी तजवीज केली. परिणामी जागा सोडण्यात भाडेकरूचा तोटा होऊ लागला. जागेचे हस्तांतर करताना द्यावी लागणारी अनधिकृत रक्कम, म्हणजे पागडी, वर्षागणिक वाढत गेली. आणि आजोबांनी घेतलेल्या खोलीतच नातवंडे वाढू लागली. मालकाला मात्र दुरुस्तीत काही स्वारस्य उरले नाही. ज्या कायद्याने गिरगावचा शेजार तीन पिढ्या अबाधित ठेवला, त्याच कायद्याने चाळींची छपरे गळकी ठेवली आणि जिने टेकूंवर आणले, हे दोन्ही एकत्र ध्यानात घेतले पाहिजे. शेजारच्या बिऱ्हाडातील बाई ही मुलाची काकू किंवा मावशी होत असे, समोरचे वृद्ध गृहस्थ आजोबा होत, आणि ही नाती केवळ संबोधनापुरती नव्हती: आई बाळंतपणाला माहेरी गेली तर मोठी मुले शेजारी जेवत, परीक्षेच्या काळात ज्याच्या घरी पाव्हणे आले असतील त्याचा मुलगा दुसऱ्याच्या खोलीत अभ्यासाला बसे, आणि चुकीबद्दल कान धरण्याचा अधिकार मजल्यावरील कोणाही वडीलधाऱ्याला असे.

दिवसाची सुरुवात पाण्याने होई. महापालिकेचे पाणी ठरावीक वेळीच येत असल्याने पहाटेच मोरीतील पिंपे, हंडे, बादल्या भरून ठेवण्याची घाई उडे, आणि या कामात मुलांचा वाटा ठरलेला असे. त्यानंतर दूध, रांगा, आंघोळी, शाळा. रात्री जेवणे उरकली की पुरुष आणि मोठी मुले वळकट्या घेऊन गॅलरीत येत आणि ओळीने निजत, उन्हाळ्यात गच्चीवर. त्या आधीच्या तासाभरात गॅलरीत जे बोलणे चाले, त्यातून मुलांना गावचे तंटे, कचेरीतील बढत्या, गिरणीतील संप, नाटकातील नटांचे गुणदोष, आणि क्वचित जे त्यांच्या कानांवर पडू नये असे वाटे तेही ऐकायला मिळे. प्रौढांच्या जगाशी मुलांचा इतका दीर्घ आणि निकटचा संबंध ज्या घरात प्रत्येकाला स्वतंत्र खोली आहे तिथे येत नाही. गिरगावातून पुढे आलेल्या अनेकांना संवादाचा कान लाभला, त्याचे श्रेय या श्रवणाला द्यायला हवे.

खेळांच्या बाबतीत जागेची टंचाई नियम घडवणारी ठरली. विटीदांडू, लगोरी, गोट्या, भोवरे, डबा ऐसपैस आणि आबादुबी, म्हणजे कपड्याच्या किंवा रबरी चेंडूने एकमेकांना टिपण्याचा खेळ, हे सर्व खेळ फरसबंदीवर आणि दोन भिंतींच्या मध्ये खेळले जात. प्रत्येक खेळाला त्याचा मोसम असे. संक्रांतीच्या सुमारास पतंग, आणि वर्षाच्या इतर भागांत कधी गोट्या तर कधी भोवरे. क्रिकेटने मात्र मोसम मानला नाही. चौक लहान म्हणून गोलंदाजी खांद्याखालून, एक टप्पा पडून चेंडू हाती आला तरी गडी बाद, आणि चेंडू कोणाच्या घरात शिरला तर फलंदाज बाद, असे नियम वाडीवाडीत थोड्याफार फरकाने रूढ होते. या नियमांमुळे हवेत मारलेला फटका महाग पडे आणि जमिनीलगत, सरळ खेळणे फायद्याचे ठरे. मुंबईच्या फलंदाजीच्या परंपरेची चर्चा शिवाजी पार्क आणि आझाद मैदानापासून सुरू करण्याचा प्रघात आहे. पण त्या मैदानांवर जाण्यापूर्वी मुले कुठे खेळत होती, हेही पाहायला हवे. सुनील गावसकर यांचे बालपण गिरगावपासून जवळच असलेल्या ताडदेवच्या चिखलवाडीत गेले आणि त्यांना पहिली गोलंदाजी घरातल्या अरुंद जागेत टेनिसच्या चेंडूने त्यांच्या आईने केली, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. वाडीतील प्रत्येक मुलगा गावसकर होत नाही हे उघड आहे. तरी खिडकी न फोडता धावा काढण्याची सक्ती असलेल्या हजारो मुलांमधून विशिष्ट प्रकारचे खेळाडू निघण्याची शक्यता वाढते, एवढे म्हणायला हरकत नसावी.

मुलींच्या वाट्याला आलेले गिरगाव वेगळे होते, आणि आठवणींच्या लेखनात त्याला पुरेशी जागा मिळालेली नाही. जिन्याच्या वळणावर मांडलेली भातुकली, गॅलरीत बसून खेळलेले सागरगोटे, खडूने आखलेल्या चौकटींत ठिकरी ढकलत घातलेली लंगडी, नवरात्राच्या दिवसांत पाटावर हत्तीचे चित्र मांडून त्याभोवती फेर धरण्याचा भोंडला आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखण्याची चढाओढ, असा त्यांचा खेळ समृद्ध होता. परंतु तो बहुतांशी वरच्या मजल्यावर, आयांच्या नजरेच्या टप्प्यात राही. दिवेलागणीला मुलगे चौकात आणखी अर्धा तास रेंगाळले तर चालत असे, मुलींना परवचा म्हणायला आणि ताटे घ्यायला आत यावे लागे. पाणी भरणे, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणे, वाळवणांची राखण करणे ही कामे बहुधा त्यांचीच. याच गिरगावाने मुलींच्या शिक्षणाला फार लवकर जागा दिली, ही गोष्टही तितकीच खरी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने मुलींच्या शाळा सुरू केल्या, तेव्हा जगन्नाथ शंकरशेट यांनी त्यांपैकी एका शाळेला आपल्या वाड्याच्या आवारात जागा दिली. शाळेत जाणारी आणि तरीही चौकात न उतरणारी मुलगी हे या भागाचे दीर्घकाळचे वास्तव होते. ज्या काळात पहिली गोष्ट सहज मानली जाऊ लागली, त्या काळातही दुसरी बदलायला कित्येक वर्षे लागली.

सण हा वाडीचा खरा कारभार. १८९३ मध्ये गिरगावातील केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. तो मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव समजला जातो आणि १९०१ मध्ये लोकमान्य टिळकांनी तिथे भेट दिली होती. त्यानंतरच्या दशकांत जवळजवळ प्रत्येक वाडीचा आपला गणपती झाला. मुलांच्या दृष्टीने या उत्सवाचे महत्त्व असे, की त्यात त्यांना काम मिळे. वर्गणीची पावतीपुस्तके घेऊन दारोदार फिरणे, कागदी पताका चिकटवणे, आरतीची झांज धरणे, आणि मेळ्यात गाणे. मेळा म्हणजे मुलामुलींचा गट, जो पदे, संवाद आणि प्रहसने बसवून एका मंडपातून दुसऱ्या मंडपात सादर करत असे. चौकात चार फळ्या टाकून केलेल्या रंगमंचावर पहिल्यांदा उभे राहणे, पडद्यामागे नाव पुकारले जाण्याची वाट पाहणे, समोर बसलेले सारे प्रेक्षक ओळखीचे असणे, ही मराठी रंगभूमीसाठी विनामूल्य चाललेली शाळाच होती.

दिवाळीत मुलांच्या हाती याहून अधिक काही येई. सहामाही परीक्षा संपल्यावर किल्ल्यासाठी माती गोळा करण्याची मोहीम निघे, आणि फरसबंद गिरगावात माती ही दुर्मिळ वस्तू असल्याने ती कुठे खोदकाम चालू आहे याचा शोध घेऊन पोत्यातून, घमेल्यातून आणावी लागे. विटा आणि दगड रचून त्यांवर गोणपाट टाकायचे, त्यावर चिखल लिंपायचा, बुरूज, तटबंदी आणि पायवाटा काढायच्या, उतारांवर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची, आणि मातीचे मावळे मांडून शिखरावर शिवाजी महाराजांची मूर्ती बसवायची, असा हा क्रम. किल्ला एका घराचा नसे, तो मजल्याचा किंवा चाळीचा असे, म्हणून त्यात आराखडा कोणाचा, पाणी कोण आणणार, रात्री राखण कोण करणार, यांवरून भांडणे आणि तडजोडी दोन्ही होत. आकाशकंदिलाचीही तीच गोष्ट: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर रंगीत कागद, आणि तो चिकटवायला घरी कणकेची किंवा मैद्याची शिजवलेली खळ. कामट्या तासताना बोटे कापली जात, खळ पातळ झाली तर कागद ओघळे, आणि मग वरच्या मजल्यावरील एखादे जाणते काका खाली येऊन सगळे पुन्हा बांधायला लावत. बायकांनी आळीपाळीने एकमेकींकडे जाऊन चकल्या आणि करंज्या करायच्या, मग फराळाची ताटे घरोघर फिरवायची, आणि ही ताटे पोचवण्याचे काम मुलांचे. ताटावरचा रुमाल सरकवून आत काय आहे ते पाहण्यात प्रत्येक घराची परिस्थिती मुलांना आपसूक कळत असे. कोणाकडे यंदा अनारसे झाले नाहीत आणि का झाले नाहीत, हे त्यांना समजे, आणि ते बोलून दाखवायचे नाही हेही त्यांना शिकवले जाई.

दिवाळीला जोडूनच पुस्तकांचा विषय निघतो, कारण काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाच्या दिवाळी अंकाने जी प्रथा पाडली, तिच्या वाढीत गिरगावच्या छापखान्यांचा आणि प्रकाशकांचा वाटा फार मोठा आहे. खटाववाडीत मौज प्रकाशनाचे कार्यालय आणि छपाई. मॅजेस्टिक सिनेमाच्या शेजारी पदपथावर केशवराव कोठावळे यांनी १९४२ मध्ये मांडलेला पुस्तकांचा ठेला, ज्यातून पुढे मॅजेस्टिक प्रकाशन उभे राहिले. केळेवाडीत १९३५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाचे १९६४ मध्ये खुले झालेले नाट्यगृह. आणि लग्नपत्रिकांच्या दुकानांनी भरलेली कांदेवाडी, हे सर्व एकमेकांपासून पायी काही मिनिटांच्या अंतरावर. छापखान्याच्या दारातून खिळे जुळवणारा कामगार दिसणे, ज्याची कथा वाचली तो लेखक उपाहारगृहातून बाहेर पडताना दिसणे, हे इथल्या मुलांच्या रोजच्या अनुभवातले होते. चित्रपटांचेही तसेच. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन चित्रपटगृहात सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी लागला, पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये, आणि प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ च्या अखेरीस सेंट्रलमध्ये लागून वर्षाहून अधिक काळ चालला. भारतीय सिनेमाच्या इतिहासातील ही पाने गिरगावच्या मुलांसाठी घराजवळच्या थेटरांची नावे होती.

राजकारणही असेच दाराशी आले. शांतारामाच्या चाळीच्या पटांगणात होमरूल चळवळीच्या सभा झाल्या, १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्यांची अंत्ययात्रा लोटली ती चौपाटीवर, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत जे गोळीबार झाले त्यांची झळ गिरगाव-ठाकूरद्वार भागाला बसली. वाडीच्या तोंडाशी उभे राहणे ही एरवी मोठे झाल्याची खूण. त्या दिवसांत तेथून मुलांना ओढून आत आणावे लागत होते.

आता या आठवणींतून जे गळते त्याकडे वळले पाहिजे. ‘सगळी चाळ म्हणजे एक कुटुंब’ हे वाक्य प्रामाणिक आहे, पण त्या कुटुंबात कोणाला जागा होती हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. वाड्या बऱ्याच अंशी जातवार वसल्या होत्या: कुठे पाठारे प्रभू, कुठे सारस्वत, कुठे चित्पावन वा कऱ्हाडे ब्राह्मण, कुठे सोमवंशी क्षत्रिय पाठारे, तर खोताच्या वाडीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे. गिरगावला लागून असलेल्या गावदेवीत १९१५ मध्ये सुरू झालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था ही देशातील आद्य गृहनिर्माण संस्थांपैकी एक; तिच्या कौतुकाबरोबर हेही नोंदवायला हवे, की सहकाराची ती सुरुवात एका ज्ञातीच्या चौकटीतच झाली. दलित कुटुंबाला यांपैकी बहुतेक ठिकाणी भाड्याने खोली मिळणे दुरापास्त होते. १८९६ च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सुधारणा मंडळाने, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने, इतरत्र बांधलेल्या एका चाळीत, परळला, बाबासाहेब आंबेडकरांनी अनेक वर्षे संसार केला. शहराच्या त्या चाळींतील बालपणे गिरगावच्या बालपणांना समकालीन आहेत आणि त्यांना सोडून मुंबईच्या गल्लीचा इतिहास पुरा होत नाही. गिरगावच्या हद्दीतही सगळी मुले खेळत नव्हती. उपाहारगृहातून चहाचे पेले घेऊन जिने चढणारा पोऱ्या आणि घरकामाला ठेवलेला कोकणातला गडी, ज्याला त्याचे नाव न विचारता रामा म्हणत, हे अनेकदा त्याच चौकात क्रिकेट खेळणाऱ्या मुलांच्याच वयाचे असत. ही गॅलरी त्यांनी कशी पाहिली याचे लेखन फार थोडे सापडते. अंधाऱ्या खोल्यांत बळावणारा क्षय, शौचालयांपुढच्या रांगांत होणारी वृद्धांची आणि बायकांची कुचंबणा, नवविवाहित जोडप्याला खासगी क्षणासाठी शोधावी लागणारी निमित्ते, या गोष्टीही त्याच दहा-बारा फुटांच्या खोलीतून उद्भवलेल्या आहेत. ज्या टंचाईने जिव्हाळा निर्माण केला त्याच टंचाईने ही दुःखेही निर्माण केली, म्हणून जुन्या चाळी जशाच्या तशा राहाव्यात असे म्हणण्याचा अधिकार तिथे आज राहणाऱ्यांखेरीज कोणालाही नाही.

गिरगाव सोडून जाण्याचा ओघ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढला. मुलगे कमावते झाले, लग्ने झाली, एका खोलीत दोन संसार मावेनात, आणि डोंबिवली, ठाणे, मुलुंड, बोरिवली येथे स्वतःच्या मालकीची जागा आवाक्यात होती. शहरातील ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. लोकल गाडीच्या वेळापत्रकाने त्यानंतरच्या पिढीचे जीवन आखले. मागे राहिलेल्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले आणि भाडेकरू व मालक यांच्याकडून उपकर घेऊन डागडुजी करण्याची व्यवस्था आली. या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाची वाट १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) या कलमाने मोकळी केली. तेव्हापासून वाड्यांच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. भुयारी मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेसाठी गिरगाव-काळबादेवी भागातील काही जुन्या इमारती पाडल्या गेल्या आणि ऑक्टोबर २०२५ पासून गिरगाव हे त्या मार्गिकेवरील एक स्थानक आहे.

पुनर्विकासाच्या हिशेबात एक अडचण आहे, आणि ती या विषयाच्या गाभ्याशी संबंधित आहे. भाडेकरूला नव्या इमारतीत किती जागा मिळावी हे त्याच्या ताब्यातील खोलीच्या चटईक्षेत्रावरून ठरते. चटईक्षेत्र म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापराची जागा. किमान क्षेत्राची हमी मिळाल्याने कुटुंबांना पूर्वीपेक्षा मोठे घर, स्वतःचे शौचालय आणि चोवीस तास वापरता येणारी मोरी मिळते, आणि ही सुधारणा निःसंशय मोलाची आहे. परंतु गॅलरी, जिन्याचे वळण, चौक आणि बोळाचे तोंड यांची नोंद कोणत्याही भाडेपावतीवर नसते, म्हणून त्यांच्या मोबदल्यात काय द्यायचे याचा विचार करारात येतच नाही. मनोऱ्यात उद्वाहनापुढे उरते ती दोन-चार दारांपुरती बंदिस्त जागा. पोडियमवर, म्हणजे वाहनतळाच्या छतावर, मुलांसाठी झोपाळे असतात, पण तिथे स्वयंपाकघरातून नजर पोचत नाही, आणि आठ वर्षांच्या मुलाला तिथवर न्यायला मोठे माणूस लागते.

गॅलरी, चौक आणि बोळ यांची ही नोंद नसलेली जागा मोजता येते. गॅलरीची रुंदी, एका मजल्यावर उघडणाऱ्या दारांची संख्या, कठड्यावरून चौकातील मूल दिसते की नाही, बोळाला एक तोंड आहे की दोन, या गोष्टी पाडकामापूर्वी नकाशावर उतरवणे वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एका सत्रात जमण्यासारखे आहे. सोबत त्या चाळीत वाढलेल्या स्त्रिया, तिथे काम केलेले गडी आणि उपाहारगृहांतले पोऱ्ये यांच्या मुलाखतीही घ्याव्या लागतील, नाहीतर पुन्हा चौकात खेळलेल्या मुलग्यांचीच आठवण नोंदली जाईल. १९५० च्या दशकात या चौकांत खेळलेली मुले आज ऐंशीच्या आसपास आहेत आणि त्यांच्यापैकी बरीच डोंबिवली-बोरिवलीला राहतात; मुलाखतींचे काम तिथूनच सुरू करावे लागेल.